कांडीत तीस, गायीत साठ

कांडीत तीसच असतात हे मला माझ्या मुलीच्या बारावीच्या परीक्षेमुळे कळलं. तोवर बरीच वर्षं मी पूर्ण भाव देत आलो होतो, आणि माल निम्मा आहे हे मला एकाही माणसाने सांगितलं नव्हतं. गावात हा किस्सा आता वेगळाच सांगतात. त्यात मी अडाणी ठरतो. म्हणून जे घडलं ते लिहून ठेवतो.

माझा धंदा जुन्या फर्निचरचा. शिर्डीतली लॉज दर काही वर्षांनी खोल्या नव्या करतात. तेव्हा निघालेल्या खाटा, गाद्या, खुर्च्या, कुलर मी उचलतो आणि नेवाशापासून संगमनेरपर्यंत विकतो. सुरुवात केली तेव्हा टेम्पो भाड्याचा होता आणि हमालही मीच होतो. आज गोदाम माझं आहे, दोन टेम्पो माझे आहेत. वडिलांनी दिलं असं त्यात काही नाही. समोरच्याने भाव सांगितला की मी 'निम्मे' म्हणतो आणि मग चिडतो, एवढ्यावर मी हे उभं केलं. चिडणं मात्र खरं असावं लागतं. खोटं चिडलेलं लॉजच्या मॅनेजरला लगेच कळतं. मला त्यासाठी कष्ट पडत नाहीत.

या धंद्यात जोडीला किंमत असते. दोन खुर्च्यांची जोड असेल तर गिऱ्हाईक थांबतं. त्यातली एक मोडली की उरलेलीचा भाव निम्म्याच्याही खाली जातो. एकटी खुर्ची कुणाला नको असते. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं भांडण मी याच हिशेबाने केलं आणि मला अजूनही तो हिशेब चुकीचा वाटत नाही.

घरी एक गाय आहे. काळीपांढरी, संकरित. विकत मी घेतली, पण ती ऐकते माझ्या बायकोचं. धार तीच काढते, डेअरीत दूध तीच घालते, आणि गायीशी जेवढं बोलते तेवढं माझ्याशी बोलत नाही. त्या वर्षी गाय उलटत होती. म्हणजे डॉक्टर येऊन भरून जायचा आणि एकवीस दिवसांनी गाय पुन्हा माजावर. असं चार वेळा झालं. दूध आटत चाललं, चारा चालूच. मी घरात जाहीर केलं, "आता एकदाच. या वेळी गाभण राहिली नाही तर बाजार."

बायको उठून गोठ्यात गेली आणि गायीच्या मानेखाली खाजवत बराच वेळ उभी राहिली. मी शब्द दिला की तो मोडत नाही, हे तिला ठाऊक आहे.

डॉक्टर म्हणजे पदवीवाला डॉक्टर नव्हे. कोर्स करून आलेला तरुण, मोटरसायकलला थंड नायट्रोजनचं भांडं बांधून गावोगाव फिरतो. त्या भांड्यात कांड्या असतात. बारीक, पेनातल्या रिफिलसारख्या. एकेका कांडीत कुठल्यातरी मोठ्या वळूचं गोठवलेलं वीर्य. आमच्याकडे गायीच्या मागे जो उभा राहतो त्याला डॉक्टर म्हणतात, आणि त्याला ते आवडतं.

त्या दिवशी सकाळी गाय हंबरत होती, सोट टाकत होती, म्हणजे माजावर आली होती. बायकोने डॉक्टरला फोन केला. मुलगी ओट्यावर बसून जीवशास्त्र मोठ्याने वाचत होती. तिला मोठ्याने वाचल्याशिवाय पाठ होत नाही, आणि फुकट ऐकायला मिळत असलं की मला ऐकल्याशिवाय राहवत नाही. ती म्हणत होती की माणसाच्या शरीरातल्या पेशीत सेहेचाळीस गुणसूत्रं असतात आणि प्रजनन पेशीत तेवीस.

"थांब," मी म्हटलं. "बाकीची तेवीस कुठं गेली?"

"गेली नाहीत, पप्पा. ती जोडीनं असतात. तेवीस जोड्या. अंडं किंवा शुक्राणू तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच त्यात जातं."

"जोड फोडतात?"

"हो. मग आईकडून तेवीस, बापाकडून तेवीस, की परत सेहेचाळीस."

"गायीचं काय?"

तिने पान उलटलं. तिथे एक तक्ता होता. कांदा सोळा, मका वीस, असं काहीबाही. "गाय साठ."

"मग डॉक्टरच्या कांडीत?"

"तीस-तीसवाले असणार. लाखो शुक्राणू, पण प्रत्येकात तीसच."

मी चहा खाली ठेवला. चार वेळा पैसे दिले होते. त्याच्या आधीच्या वर्षांचे वेगळेच.

डॉक्टर आला. बायकोने तांब्यात कोमट पाणी आणून दिलं. त्याने थर्मामीटर बुडवून बघितला, भांड्यातून चिमट्याने कांडी काढली आणि पाण्यात सोडली. थोड्या वेळाने काढून पुसली. "शेठ, गाय धरा," तो म्हणाला.

"धरतो. आधी सांग, ह्यात किती?"

"किती काय?"

"गुणसूत्रं."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या मुलीकडे पाहिलं. "तीस," तो म्हणाला.

"आणि वळूच्या अंगात?"

"साठ."

"मी लॉजमध्ये साठ खुर्च्यांचा सौदा केला आणि टेम्पोत तीस निघाल्या, तर मी किती खुर्च्यांचे पैसे देईन?"

"शेठ, ह्या खुर्च्या न्हाईत."

"खुर्च्या असत्या तर निदान बसता आलं असतं. चार वेळा भरून गेलास, गाय रिकामीच."

"अवो, उरलेले तीस गाय देती!"

"गाय कुणाची?"

"तुमची."

"म्हणजे निम्मा माल माझ्या घरचा. मग मी तुला पूर्ण कशाचे देतोय?"

आमचं घर डेअरीच्या रस्त्यावर आहे. सकाळची वेळ, किटल्या घेऊन लोक चाललेले. ते थांबले. कुणीतरी म्हणालं, "मुद्दा हाय." दुसरा म्हणाला, "डॉक्टर, मंग दोन कांड्या भर की. तीस न् तीस साठ."

"तसं नाही चालत!" मुलगी ओट्यावरून ओरडली. "गायीचे तीस धरून नव्वद होतील. प्रत्येक जोडीत दोनाऐवजी तीन-तीन येतील. असं वासरू होतच नाही!"

"नव्वद मला नकोच आहेत," मी म्हटलं. "मला साठच पाहिजेत. पैसे फक्त तीसचे."

डॉक्टरचा आवाज चढला. "शेठ, हा वळू साधा न्हाई. ह्याच्या आईचं दूध ऐकलं तर झोप उडंल तुमची."

"आईचं सांगू नको. त्या वळूला तीस आईचे आणि तीस बापाचे. ह्या कांडीत जे तीस उतरले त्यात आईचे किती? लिहून दे."

"ते कुनालाच सांगता येत न्हाई. ते मिसळून येतंय."

"म्हणजे जोड फोडलेला, न बघता घ्यायचा माल. आणि भाव शोरूमचा!"

लोक हसले. मला चांगला सूर लागला होता. गर्दीत ओढ्यापलीकडचे मामा होते. माझे ते कुणी नाहीत, सगळं गाव त्यांना मामा म्हणतं. किटली खाली ठेवून ते इतका वेळ गप्प ऐकत होते. आता पुढे आले.

"मला येक इचारायचंय," मामा म्हणाले. "म्या दोन शेळ्या अर्धेलीनं दिल्यात खालच्या आळीला. शेळी माजी, चारापानी त्येंचं, करडं निम्मी-निम्मी. आता हे तीस-तीसचं खरं आसंल, तर ज्येचा बोकड त्येचं बी निम्मं व्हायला पायजे का न्हाई?"

"व्हायला पाहिजे, मामा!" मी म्हटलं. "न्यायाने व्हायलाच पाहिजे. तीस ज्याचे, निम्मं त्याचं. म्हणून तर म्हणतोय, वळू ह्याचा असेल तर ह्याने वासरात वाटा मागावा. मी देतो. पण ह्याला वाटा नको, ह्याला आधी पूर्ण भाव पाहिजे!"

मामांनी मान डोलावली आणि किटली उचलली. वीस-पंचवीस माणसांसमोर मी हे बोललो.

तेवढ्यात बायको म्हणाली, "पानी गार झालं."

डॉक्टरने हातातल्या कांडीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "गेली," तो म्हणाला. "वितळल्यावर लगेच भरायची असती. परत गोठवता येत न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हिचे द्या."

"भरली नाहीस त्याचे?"

"तुमी भरू दिली न्हाई त्याचे."

"निम्मे देतो."

त्याने कांडी माझ्या अंगणात टाकली आणि मोटरसायकलला किक मारली. "ह्या दारात परत पाय ठिवला तर इचारा," असं म्हणून गेला. लोकही पांगले. बायकोने तांब्यातलं पाणी माझ्या पायाशी ओतलं. चुकून नाही.

गायीचा माज फार टिकत नाही. त्या दिवसात जे व्हायचं ते व्हायला हवं होतं. मी दुसऱ्या डॉक्टरला फोन लावला. तो संगमनेरला साखरपुड्याला होता, म्हणाला उद्या येतो. उद्याचा उपयोग नव्हता. म्हणजे पाचवी खेपही गेली आणि मी दिलेला शब्द उभा राहिला. बायको ते ऐकत होती. दुपारी ती गोठ्यात गेली आणि तिने दावं सोडलं.

"कुठं?"

"मामांच्या मळ्यात."

मामांकडे वळू होता. खिलार म्हणावा तर अंग तांबडं, गीर म्हणावा तर कान आखूड. त्याच्या आईचं दूध कुणी मोजलेलं नव्हतं. मोजण्याइतकं ती देत नव्हती.

"त्या वळूपासून कसलं वासरू होणार?" मी म्हटलं.

"व्हईल तसलं व्हईल. गाय गाभन ऱ्हायला पायजे का विकायला पायजे, तुमीच सांगा."

ती गाय घेऊन निघाली, मागे पुस्तक बंद करून मुलगी. मी गेलो नाही. सकाळी एवढा तात्त्विक मुद्दा मांडल्यावर दुपारी गावठी वळूच्या दारात उभं राहणं मला जमणार नव्हतं.

दोघी परत आल्या तेव्हा मी मुलीला विचारलं, "त्या वळूचे तरी किती?"

"साठच, पप्पा. आणि त्याचेही तीसच येणार."

"आणि मामांनी किती घेतले?"

"काही नाही. म्हणाले, न्या, आपलंच घर हाय."

फुकट. मला पहिल्यांदा बरं वाटलं आणि लगेच शंका आली. ज्याने कधी कुणाला बांधावरचं गवत फुकट कापू दिलं नाही, तो माणूस वळू फुकट देतो? पण बायकोच्या तोंडाकडे बघून मी विषय वाढवला नाही.

पुढचे एकवीस दिवस बायको उठली की आधी गोठ्यात. विसाव्या दिवशी तिने जेवण केलं नाही. एकविसाव्या दिवशी गाय शांत, बाविसाव्या दिवशी शांत, महिना गेला तरी शांत. तीन महिन्यांनी तोच डॉक्टर शेजारी आलेला असताना बायकोने त्याला कुंपणावरून हाक मारली. दारात पाय ठेवणार नाही असं म्हणाला होता, म्हणून तो कुंपण ओलांडून गोठ्यात गेला. शब्दाचा पक्का. हात घालून तपासलं आणि मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, "गाभन हाय, वहिनी. शेठला सांगा, तीसच्या तीस पोचले."

मी गोदामाच्या पावत्या बघत बसलो होतो. मान वर केली नाही. आतून मात्र मोकळं झाल्यासारखं वाटलं, कारण बाजाराचा शब्द मी दिला होता आणि आता तो पाळायची गरज उरली नव्हती.

दिवस भरले आणि गाय व्याली. कालवड झाली. अंग तांबडं, कपाळावर पांढरा ठिपका, पाठीवर आईसारखे दोन काळे डाग. जसं काही दोन वेगळ्या लॉजच्या सामानातून एक खोली सजवली होती. पण चार पायांवर उभी राहिली आणि उभ्या उभ्या प्यायली. बायकोने चीक शेजारीपाजारी वाटला.

पाचव्या दिवशी मामा आले. धुतलेलं धोतर, इस्त्रीची टोपी. असे ते फक्त सोयरीक जमवायला आणि जमिनीच्या मोजणीला जातात. चहा घेतला, गोठ्यात गेले, कालवडीभोवती दोन चकरा मारल्या.

"डोळं आमचंच हायेत," मामा म्हणाले.

"डोळे गायीचे आहेत, मामा. सगळ्या गायींचे तसेच असतात."

"बरं, डोळं ऱ्हाऊ द्या. तीस तर आमचे हायेत?" ते खाटेवर बसले. "तुमीच म्हनला हुता. न्यायानं, तीस ज्येचे निम्मं त्येचं. पंचवीस मान्सं हुती. मी वळूचं काई घेतलं न्हाई, का? तर मी निम्म्या वाट्यावर हुतो."

माझं डोकं फिरलं. माझ्याच दारात, माझ्याच वाक्याने. "मामा, अर्धेलीला चारा घालणारा निम्मं घेतो. चारा माझा. म्हणजे निम्मं माझं आधीच गेलं. उरलेल्या निम्म्याचं निम्मं तुमचं. पाव वासरू."

"गाय बी तुमची, चारा बी तुमचा, मंग अर्धेल कुनाशी केली तुमी? सोताशीच?"

मी मुलीला बोलावलं. ती आता कॉलेजात होती. "ह्या वासरात मामांचे तीस वेगळे दाखवता येतात का?"

"एकेका पेशीत आहेत, पप्पा. प्रत्येक जोडीत एक गायीकडचं, एक वळूकडचं. कानात, खुरात, शेपटीत, सगळीकडे."

"ऐकलं?" मी म्हटलं. "वाटणी करायची तर एकेका पेशीत बांध घालावा लागेल. मोजणी कोण आणणार?"

"म्या कुटं कापून मागतोय?" मामा म्हणाले. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. मोठी व्हईल, व्याईल. मंग तिच्या वासरात बी आमचं निम्मं."

"तिच्या वासरात कसं? तिच्याकडून तीसच जाणार. त्यात तुमचे पंधरा!"

मुलगी हळूच म्हणाली, "पंधराच असं नाही, पप्पा. जास्त पण जाऊ शकतात. एकही नाही असंही होऊ शकतं."

"बघा, एकही नाही!"

"किंवा सगळे तीस."

"बगा," मामा म्हणाले, "समदे तीस."

आम्ही दोघंही उभे राहिलो होतो. माझा आवाज डेअरीपर्यंत गेला असणार, कारण फाटकाशी चार-पाच जण गोळा झाले होते. त्यांच्यात त्या सकाळचेही होते. कुणीतरी म्हणालं, "शेठ, तुमी बोलला हुता खरं." मी संतापून म्हटलं की असं असेल तर कालवडही नको आणि गायही नको, दोन्ही बाजारात नेतो आणि येतील त्यातले निम्मे पैसे मामांच्या अंगावर टाकतो. हे मी रागात बोललो, पण माझ्या बाबतीत बोललं म्हणजे झालं.

बायको गोठ्यातून बाहेर आली. तिने माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला. मला वाटलं हात पुसायला. ती मामांपुढे गेली, आपला उजवा हात पुढे केला आणि टॉवेल त्यावर टाकला.

जनावरांच्या बाजारात दलाल असा सौदा करतात. कापडाखाली एकमेकांची बोटं धरायची, जितकी बोटं तितका आकडा, बघणाऱ्याला काही कळत नाही. बायका हे करत नाहीत. मी एवढ्या बाजारांत फिरलो, एकाही बाईला करताना पाहिलं नाही. पण माझे सासरे जनावरांचे दलाल होते, आणि ही लहानपणी त्यांच्याबरोबर बाजाराला जायची हे मला लग्नाआधी कुणीतरी सांगितलं होतं. मी ते कधी लक्षात ठेवलं नव्हतं.

मामा गोंधळले. फाटकाकडे बघितलं. मग त्यांनी हात टॉवेलखाली घातला.

टॉवेल हलला. मामांनी मान हलवली, नाही. पुन्हा हलला. मामांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते काहीतरी बोलणार होते, बायको म्हणाली, "तोंडानं न्हाई." परत टॉवेल हलला, आता बराच वेळ. मी वाकून बघायचा प्रयत्न केला तर तिने कोपर मारलं. एकदम मामा हसले. मोठ्याने, टोपी मागे सरकेपर्यंत. "बापावर गेलीस, पोरी," ते म्हणाले आणि हात बाहेर काढला.

"झालं?" मी विचारलं.

"झालं," मामा म्हणाले. "गाय बी हितंच, कालवड बी हितंच. आता ह्या दोगींचं नाव कुनी बाजारात घ्यायचं न्हाई. तुमी बी न्हाई, शेठ."

"पण ठरलं काय?"

बायकोने त्यांच्यासाठी भरून ठेवलेला चिकाचा डबा मामांनी उचलला. "ते हिलाच इचारा."

ते गेले. फाटकातले लोक गेले. मी बायकोच्या मागे गोठ्यात गेलो. रोख ठरलं की दूध? पुढची कालवड की ह्या कालवडीतला वाटा? ती शेण ओढत होती.

"अगं, धंदेवाल्या माणसाला निदान आकडा तरी सांग."

"गाय ऱ्हायली न्हवं?"

"राहिली."

"मंग?"

याला आता दीड वर्ष होऊन गेलं. आमच्याकडून मामांकडे काय जातं ते मी लक्ष ठेवून बघितलं. दूध जात नाही, पैसे जात नाहीत, ज्वारी जात नाही. कालवड मोठी होतेय, दिसायला वेडीवाकडी आहे, पण अंगाने भरलेली. मामा डेअरीला जाताना कुंपणापाशी थांबतात, तिच्याकडे बघतात, बायकोकडे बघून मान हलवतात आणि जातात. त्या मान हलवण्यात काहीतरी आहे आणि ते मला सोडून दोघांना माहीत आहे.

परवा मला राहवलं नाही. जेवण झाल्यावर मी टॉवेल घेऊन बायकोसमोर बसलो, हात पुढे केला, वर टॉवेल टाकला. म्हटलं, तोंडाने सांगू नको, बोटांनी सांग. तिने जरा वेळ माझ्याकडे बघितलं आणि हात आत घातला. आधी माझी दोन बोटं धरली, सोडली. मग चार. मग पाचही एकदम आवळली.

"पाच काय? शेकडे? हजार? पाच वर्षं?"

"येका बोटाचं किती, ते आधी ठरवायचं आसतं," ती म्हणाली, टॉवेल घडी करून माझ्या मांडीवर ठेवला आणि कालवडीला पाणी दाखवायला उठून गेली.